सायकलच्या चड्डीसाठी मुंबई

दापोलीहून सकाळी सुटणाऱ्या एसटीत माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी खेड यायच्या आतच विचारलं, "मुंबईला काय काम काढलंत?"

"मावसबहिणीकडे चाललेय."

"कार्य आहे वाटतं?"

"नाही हो. थोडी कपड्यांची खरेदी आहे."

त्यात खोटं काहीच नव्हतं. फक्त कोणते कपडे, ते मी सांगितलं नाही. पन्नाशी उलटलेली, शाळेत भूमिती शिकवणारी बाई सायकलवर घालायची गादीची चड्डी घ्यायला एवढ्या लांब निघाली आहे, हे सांगायला माझी जीभ रेटेना. बाईंनी लग्नाच्या शालूंबद्दल बरीच माहिती दिली. मी माणगावपर्यंत ऐकत राहिले.

चड्डीची ही गोष्ट गेल्या डिसेंबरपासूनची. माझी मावसबहीण नंदाताई लालबागला राहते आणि पालिकेच्या एका ऑफिसात नोकरी करते. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. आम्ही दोघींनी उतारवयात सायकल धरली आणि एकदा फोनवर बोलता बोलता ठरवून टाकलं, मुंबईहून दापोलीला सायकलने यायचं. किनाऱ्याकिनाऱ्याने, तीन दिवसांत. गेल्या वर्षी नाताळच्या सुट्टीत निघालोसुद्धा. भाऊच्या धक्क्यावरून बोटीने मांडव्याला उतरलो आणि अलिबाग, रेवदंडा, काशीद करत संध्याकाळी मुरुडला पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मला बसताच येईना. खुर्चीवर नाही, पलंगावर नाही, सायकलवर तर नाहीच नाही. मांड्यांच्या आतली कातडी सोलवटली होती आणि बुडाला गळू आल्यासारखं ठणकत होतं. मी चक्क रडले.

ताई म्हणाली, "चल, परत जाऊ."

एका टेम्पोत सायकली आडव्या टाकून आम्ही मुंबईला परत फिरलो. ताई सगळ्या ऑफिसला सांगून निघाली होती. वाटेत ती फारसं बोलली नाही, आणि ते न बोलणं मला वर्षभर टोचत राहिलं. मे महिन्यात मी तिला आंब्यांची पेटी पाठवली, गणपतीत फोन केला, दिवाळीत केला. दर वेळी शेवट एकच. "माझ्यामुळे राहिलं गं ताई तुझं." ती म्हणायची, "असू दे, शुभे."

यंदा मी पुन्हा निघायचं ठरवलं ते तिच्यासाठी. पण आधी नीट चड्डी मिळवायची, आणि ती मुंबईतच मिळेल, असं मला वाटत होतं.

परळला उतरून लालबागपर्यंत चालत गेले. मसाल्याच्या दुकानांजवळ आले तेव्हा कुठल्यातरी डंकात (मिरची-मसाला कुटायच्या यंत्रात) मिरची पडत होती. एका हाताने पिशवी आणि एका हाताने नाक धरून शिंकत शिंकत मी ताईच्या इमारतीखाली पोचले. ताईचं घर तिसऱ्या मजल्यावर. समोर नवा मनोरा झाल्यापासून तिच्या गॅलरीत ऊन फक्त सकाळचं तासभर येतं. माझी सायकल वर्षभर त्याच गॅलरीत, जुन्या चादरीखाली उभी होती. मधुभावोजींनी तिच्या चाकांत हवा भरून ठेवली होती.

"या, सायकलवीर," भावोजी म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले. हा माणूस छापखान्यातून निवृत्त झाला तेव्हापासून स्वयंपाकघर त्याच्याकडे आहे. त्या संध्याकाळी त्यांनी कोळंबीचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी शनिवार. आम्ही दादरला गेलो. दादरच्या बाजारात काय मिळत नाही असं विचारलं, तर माझ्या अनुभवाने उत्तर एकच आहे, बायकांची सायकलची चड्डी. तीन दुकानांत पोहण्याचे कपडे दाखवले, एकात योगासनांचे. चौथं दुकान खेळांच्या सामानाचं होतं. ताई दारातच थांबून टोप्या बघू लागली.

"तू पण बघ ना," मी म्हटलं.

"मला काय करायचंय? माझं जुनं चालतंय. तुझं तू बघ."

काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "मुलासाठी पाहिजे का, मॅडम?"

"माझ्यासाठी."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा माझ्या केसांतल्या पांढऱ्या पट्ट्याकडे, आणि आवाज उगाच खाली आणला. "लेडीजमध्ये पीस येत नाही, मॅडम. जेन्ट्सचा मीडियम बसेल तुम्हाला." मग चड्डी उलटी करून त्याने आतल्या पॅडमध्ये अंगठा रोवला. अंगठा अर्धा आत गेला. "बघा. सोफा आहे सोफा."

"घालून बघता येईल का?"

"ट्रायल नाय, मॅडम. आतला कपडा आहे."

मुरुडची ती सकाळ आठवली. सोफा मला बरा वाटला. घेतला. नंतर आम्ही पियुष प्यायलो आणि मी फार मोठं काम उरकल्यासारखी खुशीत घरी आले.

रविवारी पहाटे परीक्षा घ्यायची होती. लालबागहून भायखळ्यावरून आम्ही खाली आलो. त्या वेळी मुंबईचे रस्ते मुंबईचे वाटत नाहीत. सिग्नल लाल-हिरवे होत राहतात आणि समोर कुणीच नसतं. मरीन ड्राइव्हला लागलो तेव्हा समुद्र नुकता दिसू लागला होता. पहिली फेरी मी गाणं गुणगुणत काढली. दुसऱ्या फेरीत गुणगुणणं थांबलं. तिसऱ्या फेरीत तो सोफा आत कुठेतरी गोळा झाला, एका बाजूला सरकला, आणि त्याची शिवण नेमकी जुन्या जागी लागायला लागली. चौथ्या फेरीनंतर मी उभ्यानेच पायडल मारत होते. तरी ताईला काही बोलले नाही. पुन्हा माझ्यामुळेच, असं नको होतं.

कफ परेडच्या मच्छीमार नगरात जाऊन थांबलो. बांबूंच्या मांडवांवर बोंबील लटकत होते आणि एक कोळीणबाई खालच्या टोपलीतले ओले बोंबील एकात एक अडकवत होती. आम्हाला बघून तिने दोन पाट पुढे सरकवले.

"बसा गो. चाय घेता?"

"चहा घेऊ. उभ्यानेच बरं वाटतंय," मी म्हटलं.

तिने आमच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हसायला लागली. "दोघी पन उभ्याच? घोड्यावरनं आल्या का काय?"

ती "दोघी" म्हणाली. ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही. मी माझ्याच दुखण्यात होते.

परतताना सायकली हातात धरून चालावं लागलं. अधूनमधून उभ्याने पायडल मारायचं, पुन्हा उतरायचं. गिरगाव चौपाटीपाशी पोचलो तेव्हा चांगलं ऊन वर आलं होतं. मागून एक तरुण सायकलस्वार मुलगी आली आणि वेग कमी करून म्हणाली, "आंटी, पंक्चर?"

"सायकल ठीक आहे," ताई म्हणाली. "हिला बसवत नाहीये."

मुलगी लगेच उतरली. ती ना हसली, ना तिने आवाज खाली आणला. "पॅड चुकलं असेल. तुम्ही ग्लोरिया आंटीकडे जा. इथेच, गिरगावात. आत्ता चर्चहून आली असेल." आणि तिने गल्लीचा पत्ता समजावून सांगितला.

गल्लीत लाकडी गॅलऱ्यांची दोन-तीन जुनी घरं उरली होती आणि प्रत्येक दाराशी नाताळचा कागदी तारा टांगला होता. ग्लोरिया आंटी सत्तरीच्या असाव्यात. बारीक कापलेले रुपेरी केस, फुलाफुलांचा फ्रॉक, आणि पोटऱ्या मात्र एखाद्या धावपटूच्या. पिढ्यान्‌पिढ्या याच वाडीतल्या. तरुणपणी भावाबरोबर सायकलने गोव्यापर्यंत जाऊन आल्या होत्या. तेव्हा बायकांसाठी असं काही मिळतच नसे, म्हणून स्वतःचं स्वतः शिवायला शिकल्या, आणि आता सायकल चालवणाऱ्या बायकांसाठी शिवतात. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागे भिंतीला टेकवलेली जुनी सायकल.

"कुठं दुखतंय गो बाय?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

आयुष्यात पहिल्यांदा मी ते सरळ सांगितलं. त्या नुसतं "हां, हां" करत होत्या, वैद्याने नाडी बघावी तशा. मग त्यांनी मला आत पाठवून पिशवीतली सलवार घालायला लावली आणि दादरची चड्डी मागून घेतली. उलटी करून, पॅड दोन बोटांत दाबून त्या म्हणाल्या, "ही गादी नाय. उशी आहे. उशीवर डोकं ठेवायचं असतं."

"पण मऊ आहे ना?"

"तेच तर. मऊ दबतं. दबलं की तुझं हाड खाली टेकतं आणि बाजूचं मांस वर येऊन घासतं. पातळ पाहिजे, पण घट्ट. आणि ही हाय पुरुषाची. लांब आणि चिंचोळी. आपली हाडं रुंद." मग एकदम, "आत काय घालतेस?"

मी हळूच सांगितलं.

"ते काढायचं! या चड्डीच्या आत काय म्हणजे काय नाय घालायचं. त्याचीच शिवण सोलते तुला. लाज वाटते? मग सोलून घे."

मी ताईकडे पाहिलं. ताई छताकडे बघत होती.

आंटींनी केकच्या खोक्याचा पन्हाळी पुठ्ठा दाराच्या पायरीवर टाकला. "बस. पाय वर घे, पुढं वाक. आता ऊठ." पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटले होते, वाटाण्याएवढे. आंटींनी टेपने त्यांच्यातलं अंतर मोजून खडूने लिहून घेतलं. इतकी वर्षं मी फळ्यावर दोन बिंदूंमधलं अंतर काढायला शिकवते, पण या दोन बिंदूंचा कधी विचार केला नव्हता.

"आता तू," आंटी ताईला म्हणाल्या.

"मला नको. मला काही त्रास नाही. हिच्यासाठीच आलोय."

"त्रास नाय?" आंटींनी चष्मा कपाळावर चढवला. "मग आल्यापासून खुर्चीच्या एका काठावर तिरकी का बसलीस?"

ताईचे कान लाल झाले. लहानपणी जेवण टाकून पाटावरून पळताना पकडली जायची तेव्हा होत तसे.

"ताई?" मी म्हटलं.

"गेल्या वर्षी," ताई म्हणाली आणि थांबली. "मुरुडला, गेल्या वर्षी, मलाही बसवत नव्हतं."

"म्हणजे?"

"तुझ्याहून वाईट होतं. रक्त आलं होतं. रात्रभर पालथी पडून होते. सकाळी तुला कसं सांगावं, हाच विचार करत होते. तेवढ्यात तू रडायला लागलीस. मग मी म्हटलं, चल परत जाऊ."

"आणि वर्षभर? मी माफी मागत होते ती?"

"मागत होतीस. मी मागू देत होते." तिने हात मांडीवर घट्ट धरले होते. "ऑफिसात पण सांगितलं, बहिणीला जमलं नाही. एकदा सांगितलं, मग परत फिरता येईना."

मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. आधी हसू आलं, आणि ते बाहेर पडायच्या आत राग आला. आंब्यांची पेटी आठवली. आईपुढे, नवऱ्यापुढे, शाळेच्या स्टाफरूममध्ये मी किती वेळा म्हटलं होतं, माझ्यामुळे बिचारीचं राहिलं. मी उठून गॅलरीत गेले. समोरच्या दारात कुणीतरी ताऱ्यात दिवा बसवत होतं. आत आंटींचा आवाज आला, "ती येईल. तू आधी पुठ्ठ्यावर बस." आणि थोड्या वेळाने, "बघ! तुझं तर हिच्याहून रुंद."

गिरगावहून लालबागला आम्ही टॅक्सीने आलो, एक सायकल डिकीत, एक टपावर. दोघी दोन खिडक्यांतून बाहेर बघत. भावोजींनी जेवायला वाढलं, आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि लोणच्याची बरणी मध्ये ठेवून गप्प जेवले.

संध्याकाळी ताई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. फोन हातात. तिने दापोलीला, माझ्या आईला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. माझी आई ब्याऐंशी वर्षांची आहे. तिला मोठ्याने सांगावं लागतं, म्हणून ते सगळं शेजारपाजाऱ्यांनीही ऐकलं असणार.

"मावशी, गेल्या वर्षी शुभामुळे नाही राहिलं. मी हरले होते. मला बसता येत नव्हतं. मी खोटं बोलले."

आई म्हणाली, "बरं. या वर्षी येताय का दोघी? मला घावण्यांचे तांदूळ भिजत घालायला एक दिवस आधी कळायला हवं."

आम्ही दोघी एकदमच हसायला लागलो. माझा राग तिथे संपला असं नाही. पण त्यानंतर तो बाळगायला जड जायला लागला. दुसऱ्या दिवशी ताईने ऑफिसातही सांगितलं. "काय म्हणाले?" मी विचारलं. "काही नाही गं. निम्म्यांना आठवतही नव्हतं," ती म्हणाली, आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटलेलं दिसलं.

मंगळवारी चड्ड्या घालून बघायला गेलो. आरशापुढे उभी राहिले तर लंगोट बांधलेल्या बाळासारखी दिसत होते. आंटी ओरडल्या, "उभं राहून काय बघतेस? उभ्याने जायचंय का दापोलीला?" त्यांनी जुन्या सायकलवर बसवलं, पुढे वाकायला लावलं, आणि खरोखर, वाकल्याबरोबर तो कपडा अंगाला असा लागला की कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते कळेना. कुठे सुरकुती नाही, मांडीवर काच नाही. खांद्यावर पट्टे असलेला प्रकारही त्यांनी दाखवला, तो जास्त पक्का बसतो म्हणून. पण रस्त्यात लघवीला जायचं तर अर्धं अंग उघडं करावं लागेल, हे त्यांनीच सांगितलं, आणि आम्ही कमरेचाच घेतला. "रोज धुवायचा. उलटा करून उन्हात वाळवायचा. निघायच्या आधी दोनदा घालून चालव, कोरा घालून लांब जाऊ नको." निघताना त्यांनी फुग्यांची (आंबवलेल्या पिठाच्या गोल, तळलेल्या गोळ्यांची) पुडी हातात कोंबली. लालबागच्या जिन्यापर्यंत ती पुरली नाही.

भावोजींनी माझ्या सीटवरचं जेलचं मऊ कव्हर काढून टाकलं आणि सीट बोटभर वर केली. बुधवारी, गुरुवारी पहाटे आम्ही दादर चौपाटी ते नरिमन पॉइंट अशा चकरा मारल्या. शुक्रवारी सकाळी भाऊच्या धक्क्यावर बोटीत चढलो.

रस्त्याचं वर्णन थोडक्यात करते, कारण तो रस्ता कोकणातल्या वाचकांना माझ्याहून जास्त माहीत आहे. काशीदची चढण आम्ही चालत चढलो आणि उतार ओरडत उतरलो. मुरुडला मागच्या वर्षीच्याच घरी उतरलो. सकाळी उठून मी आधी पलंगाच्या काठावर बसून पाहिलं. मग खुर्चीवर. दाराशी ताई उभी होती, माझ्या तोंडाकडे बघत.

"तुझं?" मी विचारलं.

ती माझ्या शेजारी येऊन धपकन बसली.

आगरदांड्याला जंगल जेटीत (गाड्या वाहून नेणाऱ्या पसरट बोटीत) सायकली चढवल्या. श्रीवर्धनच्या आधी माझी चेन पडली आणि ती चढवताना दोघींचे हात कोपरापर्यंत काळे झाले. बागमांडल्याला बोट नुकतीच सुटली होती, तर दुसरी येईपर्यंत धक्क्यावर बसून शहाळं प्यायलो. केळशी, आंजर्ले. दापोलीची शेवटची चढण चढताना मला वाटलं, आता उतरून चालावं, आणि पुढे बघते तर ताई उतरून चालतच होती. मीही उतरले.

घरी पोचलो तेव्हा तिन्हीसांजा झाल्या होत्या. आई ओटीवर बसली होती. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं, मुलगी आली म्हणून. ताईला मात्र जवळ बोलावलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "दुखतंय का गं, नंदे?"

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिची आई लवकर गेली, धाकट्या भावंडांना तिने वाढवलं. पाय मोडला तेव्हा, बाळंतपणात, कधीही कुणी हा प्रश्न विचारला की तिचं उत्तर ठरलेलं असायचं, "छे, मला काय धाड भरलीय." मी वाट बघत उभी होते.

"हो मावशी," ताई म्हणाली. "दुखतंय. गुडघे दुखतायत, मान दुखतेय, हाताचे पंजे सुन्न झालेत." मग माझ्याकडे बघून, "बूड सोडून सगळं दुखतंय."

आईने हाक मारून आत पाणी तापवायला सांगितलं. ताई दोन दिवस राहिली आणि एसटीने परत गेली. लोक अजून मला विचारतात, किनाऱ्याचा रस्ता कसा आहे, समुद्र कुठून चांगला दिसतो. मी सांगते. सगळं सांगते. पण माझ्यापुरता तो प्रवास ओटीवरच्या त्या एका "हो"पर्यंतचा होता, आणि तिथे पोचायला आम्हा दोघींना एक वर्ष आणि तीन दिवस लागले.